पाणी नेमकं कुठं मुरतंय

आमच्या वॉचमन केबिनच्या भिंतीवर एक ड्रॉइंग चिकटवलंय, लॅमिनेट केलेलं, कोपऱ्यात चहाचा डाग. मूळ ड्रॉइंगवरचं सगळं इंग्रजीत आहे आणि त्याच्यावर लाल मार्करनं, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात मराठी शब्द लिहिलेत. 'कर्ब कट'वर काट मारून 'दारं'. 'बर्म'वर काट मारून 'वरंबा'. 'फोरबे'च्या शेजारी 'गाळाचा खड्डा'. आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून, 'सांडवा'. अक्षर आमच्या माळीमामांचं. तो सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट, कळला नाही म्हणून आमचा एक अख्खा पावसाळा वाया गेला, त्याची ही गोष्ट. बऱ्याच जणांनी विचारलं होतं की तुमच्या सोसायटीत ते रेन गार्डन का काय, पावसाचं पाणी मुरवायची बाग, केलंय ते लिही ना, तर लिहिते, पण शोभेच्या फोटोंची अपेक्षा ठेवू नका, उन्हाळ्यात ते फार गबाळं दिसतं.

आमची सोसायटी कात्रजच्या बाजूला, टेकडीच्या उतारावर. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यात कोणी विसरलं नसेल. आंबिल ओढ्याला पूर आला, खालच्या वस्त्यांमध्ये भिंती पडल्या, माणसं गेली, गाड्या एकावर एक चढल्या. आम्ही वरच्या अंगाला, त्यामुळे आम्हाला काहीच झालं नाही, गॅलरीत उभं राहून बघत होतो. पण बघताना एक गोष्ट डोक्यातून गेली नाही ती म्हणजे आमच्याच गेटमधून, आमच्याच पार्किंगमधून गुडघाभर पाणी धो धो खाली चाललं होतं. टेरेसचे सगळे पाईप खाली पेव्हर ब्लॉकवर सोडलेले, पेव्हर ब्लॉकच्या खाली काँक्रीट, आणि गवंड्यानं ढाळ काढलेला थेट गेटकडे. म्हणजे बिल्डरनं पाणी आपल्याकडे थांबू नये एवढाच विचार केलेला, ते पुढे कोणाच्या घरात जातं हे बघायचं कामच नव्हतं कोणाचं. आपण सगळे असंच करतो म्हणा. लोटायचं पुढे.

साधा हिशोब करून बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी, हे गणित सुदैवानं सोपं आहे. आमच्या एका विंगचं टेरेस साधारण २८० चौरस मीटर. तासाभरात २५ मिमी पडला, जो परतीच्या पावसात सहज पडतो, की ७,००० लिटर. एका विंगचं. म्हणजे पाऊण टँकर. आणि मार्च महिन्यात आम्ही त्याच टँकरसाठी पैसे गोळा करत बसतो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडत भांडत.

तर दोन वर्षांपूर्वी कमिटीत मी हा विषय काढला. एजीएममध्ये लँडस्केपवाली ताई प्रेझेंटेशन घेऊन आली, फार छान बोलली, बायोस्वेल, बायोरिटेन्शन, परमिएबल पेव्हिंग, इन्फिल्ट्रेशन, अंडरड्रेन. सगळे माना डोलवत होते. मग खर्चाचा आकडा आला तेव्हा ए विंगच्या काकांनी शांतपणे विचारलं, "यात पाणी नेमकं कुठं मुरतंय?" आणि अख्खा हॉल हसला. ताईला वाटलं टेक्निकल प्रश्न आहे, तिनं जमिनीचे थर समजावून सांगायला घेतले. मला तिची दया आली खरंतर. पण नंतर विचार करताना वाटलं की काकांनी टोमणा मारला असला तरी प्रश्न तोच होता. पाणी मुरणार कुठं?

मराठीत ना यासाठी शब्द फार बारीक आहेत. मुरणं, झिरपणं, पाझरणं, निवळणं. पाणी जमिनीत शिरून तिथलंच होऊन जातं ते मुरणं, लोणच्यासारखं. भिंतीतून किंवा खडकाच्या भेगेतून हळूहळू वाट काढतं ते झिरपणं. आणि पलीकडून बाहेर येतं ते पाझरणं, म्हणून तर पाझर तलाव. सरकारी पुस्तकांतली मराठी मात्र वाचवत नाही, रनऑफला अपधाव म्हणतात म्हणे, आणि इन्फिल्ट्रेशनला अंतःस्रवण. आजवर एकाही माणसाच्या तोंडून मी 'अपधाव जास्त झाला' असं ऐकलेलं नाही. पाणलोट तेवढा रुळला, तोही पाणलोटाची कामं गावोगाव झाली म्हणून.

असो. ड्रॉइंग मंजूर झालं, सगळं नाही, फक्त बी विंगच्या बाजूचा एक तुकडा, दहा फूट बाय पंचवीस फूट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रेन गार्डन म्हणजे काही अवघड नाही. बाग साधारणपणे उंचवटा करून असते, ही उलटी, बशीसारखी, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा-आठ इंच खोल. छपराचं आणि पार्किंगचं पाणी तिच्यात सोडायचं, ते तिथं थोडा वेळ उभं राहतं, गाळ खाली बसतो, पाणी मुरतं, आणि जास्तीचं झालं तरच गटारात जातं. अमेरिकेत मेरीलँडच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९० च्या आसपास एका नव्या वसाहतीत मोठा तलाव बांधण्याऐवजी घराघराच्या अंगणात एकेक अशी बशी करायची कल्पना निघाली, तिथून हे नाव पसरलं. माझी मावसबहीण फिलाडेल्फियाजवळ राहते, तिथं तर २०११ पासून शहराचा पंचवीस वर्षांचा प्लॅनच आहे यावर, कारण त्यांच्या जुन्या भागात पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकाच पाईपमधून जातं, मोठा पाऊस आला की ते मिश्रण नदीत. तिनं फुटपाथच्या कडेच्या वाफ्यांचे फोटो पाठवले होते, रस्त्याच्या कडेच्या दगडाला मध्येच खाच, खाचेतून पाणी आत.

त्या खाचेचं नाव कर्ब कट.

मामांना मी ड्रॉइंग दाखवलं. मामा माण तालुक्यातले, तिकडे दोन एकर कोरडवाहू आहे, पंचवीसेक वर्षं पुण्यात माळीकाम करतात. त्यांनी ड्रॉइंग उलटसुलट बघितलं, बोटानं त्या खाचेवर टकटक केलं. "हितनं पाणी आत घ्यायचं?" म्हटलं हो. "मग दारं म्हना की."

मला एकदम माझे आजोबा आठवले. उसाला पाणी देताना पाटाचा बांध खोऱ्यानं फोडायचा, सरी भरली की तिथं माती ओढून बंद करायचं आणि पुढचं फोडायचं, त्याला दारं धरणं म्हणतात. रात्रीची लाईट असेल तर रात्रभर दारं धरत बसायचं. म्हणजे मी लहानपणी कर्ब कट धरून बसलेली माणसं बघितलीत आणि मला ते पीपीटीमध्ये बघून नवीन वाटत होतं.

मग आम्ही दोघांनी केबिनमध्ये बसून एकेक शब्द घेतला. स्वेल म्हणजे काय, तर उथळ, रुंद, गवत लावलेला उताराचा चर. मामा म्हणाले चर. मी म्हटलं चर खोल असतो आणि पाणी अडवायला असतो, हा पाणी हळू हळू पुढे नेतो. मग पाट? पाट तर पाणी पळवायला. शेवटी त्यांनी 'गवताचा पाट' असं लिहिलं, ते मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही पण काम भागतं. त्या स्वेलमध्ये मध्ये मध्ये दगडाचे छोटे आडवे बांध असतात पाण्याचा जोर मोडायला, ते ताल. बर्म म्हणजे बशीच्या खालच्या कडेचा मातीचा उंचवटा, तो वरंबा. पाईप जिथं पडतो तिथं माती उकरली जाऊ नये म्हणून दगड रचायचे, त्याला ड्रॉइंगमध्ये 'एनर्जी डिसिपेटर' असं भारदस्त नाव होतं. आमच्या गावाकडे पागोळ्या जिथं पडतात तिथं ओळीनं दगड लावलेले असायचे, नाहीतर वळचणीला खड्डे पडतात. त्याला नावही नव्हतं. मामांनी लिहिलं 'डबर'.

एक गंमत सांगते. ड्रॉइंगमध्ये एका ठिकाणी फ्रेंच ड्रेन होता, खडीनं भरलेला चर आणि त्यात भोकं पाडलेला पाईप. आमचे सेक्रेटरी दोन दिवस 'फ्रान्सची टेक्नॉलॉजी' म्हणून सांगत फिरत होते. त्याचा फ्रान्सशी काहीही संबंध नाही. हेन्री फ्रेंच नावाचा अमेरिकेतला वकील आणि न्यायाधीश होता, त्यानं १८५९ मध्ये शेतातल्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या आडनावावरून पडलेलं नाव ते. म्हणजे तिकडेही हे सगळं शेतातूनच आलं.

आता चुकांकडे येते, कारण चुकाच जास्त आहेत.

पहिली चूक माझी. खणायला घेतलं तर वर फूटभर काळी माती. काळी माती म्हणजे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात फुगून घट्ट, पाण्याला वाटच नाही. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सगळी छिद्रं बुजवते. मी कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं होतं की चिकण मातीत वाळू मिसळली की निचरा होतो. मिसळली. चार घमेली वाळू, दहा घमेली माती. मामा म्हणाले, "मॅडम, विटा पाडायच्या हायत का?" मी म्हटलं बघा तर खरं. पंधरा दिवसांनी तिथं खरोखर वीट तयार झाली होती, टिकाव आपटला तर ठण्ण आवाज. थोडी वाळू घातली की माती मोकळी होत नाही, तिच्या पोकळ्या चिकणमातीनं भरून ती आणखी आवळते, वाळू घालायची तर निम्म्याहून जास्त घालावी लागते, आणि सोबत कंपोस्ट. नदीची वाळू परवडत नाही म्हणून आम्ही शेवटी क्रश सँड घेतली, तीसुद्धा धुऊन, कारण तिच्यातली दगडाची भुकटी चिकणमातीपेक्षा वाईट, पहिल्या पावसातच सगळं लिंपून टाकते.

मातीच्या खाली मुरूम लागेल आणि मुरमात पाणी छान उतरेल असा सगळ्यांचा अंदाज होता. मुरूम लागला, पण त्याच्या आधी दीड फूट राडारोडा लागला. टाईल्सचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या आतल्या आत दगड झालेल्या, एक अख्खा वॉश बेसिन, गुटख्याच्या पुड्या. बिल्डरनं सगळा राडारोडा तिथंच पुरून वर जेसीबी फिरवला होता आणि त्यावर मेक्सिकन लॉन अंथरलं होतं. आम्ही दहा वर्षं त्या लॉनला रोज पाणी मारत होतो. खाली काय मुरणार होतं, कप्पाळ?

म्हणून सांगते, काही करायच्या आधी एक खड्डा खणा. फूटभर खोल, फूटभर रुंद. पाण्यानं भरा, जिरू द्या, परत भरा आणि पट्टी लावून बघत बसा तासाला किती उतरतं. तासाला अर्धा इंचसुद्धा उतरत नसेल तर नुसती बशी करून उपयोग नाही, माती बदलायला लागेल किंवा खालून पाईप काढायला लागेल. पाच रुपये खर्च नाही. आमचा पहिला आकडा एका तासाला दोन मिलिमीटर होता, राडारोडा काढल्यावर आणि खाली पहार मारून मुरूम मोकळा केल्यावर तो चाळीसवर गेला. हे मी स्वतः स्टुलावर बसून, शाळेतली पट्टी घेऊन मोजलंय, आणि येणारे जाणारे सगळे विचारत होते की वहिनी काय शोधताय, अंगठी पडली का.

दुसरी चूक तो सांडवा. ड्रॉइंगमध्ये 'ओव्हरफ्लो' लिहिलं होतं आणि तिथून पाईप सोसायटीच्या गटारात. प्लंबर आला, त्याला मी सांगितलं इथं ओव्हरफ्लोचा पाईप टाका. त्यानं टाकला. जून गेला, जुलै गेला, भुरभुर पाऊस चालूच, सगळीकडे चिखल आणि आमची बशी मात्र कोरडी. म्हणजे ओलसर, पण पाणी कधी उभं राहिलेलंच नाही. मी तर खुश होते, वाटलं काय मस्त मुरतंय, ग्रुपवर टाकलंसुद्धा. मग ऑगस्टमध्ये एका जोराच्या सरीत छत्री घेऊन खाली गेले आणि बघितलं तर दाऱ्यातून पाणी आत येत होतं आणि दहा फूट पलीकडे पाईपच्या तोंडातून तसंच्या तसं गटारात चाललं होतं. प्लंबरनं पाईपचं तोंड बशीच्या तळाला लावलं होतं. बाथरूमच्या जाळीसारखं. त्याच्या दृष्टीनं त्यानं बरोबरच केलं, त्याचं आयुष्य गेलं पाणी साठू न देण्यात.

त्याला परत बोलावलं. मी पाँडिंग डेप्थ, फ्रीबोर्ड वगैरे समजावत होते, तो "हो मॅडम" म्हणत होता आणि काहीच कळलेलं नाही हे दिसत होतं. मामा कुदळ टाकून आले आणि म्हणाले, "आरं, ह्यो सांडवा हाय. तुमच्या गावात तळं हाय का? तळ्याचा सांडवा बुडाला असतोय व्हय?" प्लंबरनं कपाळावर हात मारला. दहा मिनिटांत सहा इंचाचा उभा तुकडा जोडून तोंड वर आणलं, वर जाळी. झालं. आता सहा इंच पाणी साठल्याशिवाय एक थेंब बाहेर जात नाही. अडीचशे चौरस फुटात सहा इंच म्हणजे साधारण साडेतीन हजार लिटर, त्या ७,००० मधलं निम्मं. बाकीचं पडतापडता मुरतं, उरलेलं सांडव्यातून जातं. त्या दिवशी मामांनी मार्कर घेतला आणि ड्रॉइंगवर सगळ्यात मोठ्या अक्षरात 'सांडवा' लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल मामांना सगळंच माहीत होतं. नव्हतं. तिसरी चूक मामांची. ड्रॉइंगमध्ये मल्च होता, म्हणजे आच्छादन. मामा म्हणाले शेतात आपण उसाचं पाचट टाकतो ते टाकू. टाकलं, फार सुंदर दिसत होतं. सप्टेंबरच्या पहिल्या मोठ्या पावसात ते सगळं पाचट तरंगलं, वाहत जाऊन सांडव्याच्या जाळीला गच्च चिकटलं आणि पाणी वरंबा ओलांडून थेट बी विंगच्या पार्किंगमध्ये. तीन स्कूटर बंद पडल्या. शेतात पाचट टाकतात तिथं पाणी तुंबत नाही ना, हा फरक आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नाही. त्यानंतर दाऱ्यापाशी खडी टाकली आणि बाकी ठिकाणी झाडंच दाट होऊ दिली.

डासांचं विचाराल तर तेच सगळ्यात मोठं भांडण होतं. पण डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, आणि पाणी एक-दोन दिवसांत मुरत असेल तर अळ्यांना वेळच मिळत नाही. नीट मुरत नसेल तर मात्र तक्रार बरोबरच. आता मी खाली बोर्ड लावलाय, '४८ तासांनंतर पाणी दिसलं तर मला फोन करा'. एकदाच फोन आला, आणि ते पाणी कोणीतरी गाडी धुतल्याचं होतं.

झाडांवर मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय. ताईच्या ड्रॉइंगमधली झाडांची यादी सरळ सरळ कुठल्यातरी अमेरिकन यादीवरून आली होती, स्विचग्रास, ब्लू फ्लॅग आयरिस, स्वॅम्प मिल्कवीड, जो-पाय वीड. तिकडे ती झाडं उत्तमच आहेत, तिथली आहेत, पण तिथं पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडतो. पुण्यात वर्षाचा ७००-७५० मिमीच्या आसपासचा पाऊस चार महिन्यांत संपतो आणि नंतर आठ महिने ठणठणीत. म्हणजे आपल्याला असं झाड पाहिजे जे जुलैमध्ये गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहील आणि एप्रिलमध्ये विटेसारख्या जमिनीत तग धरील. नर्सरीत जाऊन हे सांगितलं तर ते तुम्हाला प्लास्टिकचं झाड घ्या म्हणतील.

पण असं झाड आहे. वाळा. जो आपण माठात टाकतो, ज्याचे पडदे करतात, तोच. वर गवतासारखा झुबका आणि मुळं सरळ खाली, दोन-तीन मीटर सहज, आडवी पसरतच नाहीत. पाण्यात उभा राहतो, कोरड्यातही राहतो, कडेला ओळीत लावला तर गाळ अडवतो. १९८० च्या दशकात जागतिक बँकेची माणसं भारतात मातीची धूप थांबवायला याच गवताचा प्रचार करत होती आणि मग ते जगभर पसरलं, व्हेटिव्हर म्हणून, तो शब्दही मूळ तमिळ. आता तो आपल्याकडे परत व्हेटिव्हर नावानं प्रोजेक्टमध्ये विकला जातो. आमच्या यादीतही व्हेटिव्हरचा आणि वाळ्याचा असे दोन वेगळे दर नर्सरीवाल्यानं दिले होते. शपथेवर.

बशीत सगळीकडे सारखं पाणी नसतं. तळाला जास्त, उतारावर मध्यम, काठावर जवळपास नाहीच. तळाला आम्ही वाळा, कर्दळ, स्पायडर लिली आणि अळू लावलं. ब्राह्मी पण लावली होती, पावसाळ्यात गालिचा झाला आणि मार्चपर्यंत पार वाळून गेली, तिला कायम ओल लागते. अळू उन्हाळ्यात पानं टाकतं पण कांदे जमिनीत राहतात, जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर वर येतं. कर्दळ मूळची अमेरिकेतली पण आता तिला परकी म्हणवत नाही. आणि खरं सांगू का, कर्दळ, केळ, अळू ही यादी ऐकून कोणाला आजोळची मोरी आठवली नाही तरच नवल. न्हाणीचं पाणी मागच्या परसात सोडलेलं असायचं आणि तिथं हीच तीन झाडं. कोणी बायोरिटेन्शन म्हणत नव्हतं. पण उगाच 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' असंही मी म्हणणार नाही, तिथं रोजचं चार बादल्या पाणी होतं, टेरेसचं सात हजार लिटर नव्हतं, आणि पार्किंगचं ऑइल तर नव्हतंच.

उतारावर गवती चहा, काठावर निर्गुडी, अडुळसा, तरवड. निर्गुडी ओढ्याकाठी आपोआप येते, तिला थोडं पाणी थोडं कोरडं चालतं. तरवड आपल्या टेकड्यांवरचा, पिवळ्या फुलांचा, त्याला पाणी देऊच नका. एक रुई मात्र आपोआप उगवली वरंब्यावर, मी काढू दिली नाही. मिल्कवीडच हवं होतं ना यादीत, ही घ्या त्याच कुळातली आपली रुई, तिच्यावर ते केशरी-काळे फुलपाखरू अंडी घालतं आणि पट्टेवाल्या अळ्या पानं फस्त करतात.

लव्हाळाही आला. महापुरात तो वाचतो हे आपण शाळेपासून ऐकतोय, पण मामांसमोर त्याचं कौतुक करून बघा. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या असतात, एक उपटली की चार येतात. मी म्हटलं असू दे मामा, मुळांनी माती धरून ठेवेल. ते म्हणाले, "ठिवा की. मग हितं फकस्त लव्हाळाच ठिवा." तळात थोडा राहू दिलाय, वर दिसला की खुरपं. ही तडजोड. वेडेलिया मात्र कोणी फुकट दिली तरी लावू नका, पिवळी फुलं बघून भुलायला होतं, वर्षभरात बाकी एक झाड शिल्लक राहत नाही.

आता रोजचं काम म्हणाल तर गाळाचा खड्डा. दाऱ्याच्या आत लगेच दोन बाय तीन फुटांचा छोटा खड्डा आहे, पाणी आधी त्यात पडतं, जोर मोडतो, माती आणि कचरा तिथं बसतो आणि निवळलेलं पाणी पुढे. तो महिन्यातून एकदा उपसायला लागतो. पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जो नळ आणला त्याला वाटेत उसासे, म्हणजे हवा जायला आणि आत उतरायला उघडी तोंडं, ठेवले होते, आणि असं काही बांधून ठेवलं तरी कोणीतरी उतरून गाळ काढायला लागतोच, हे तेव्हाही होतं. आमच्याकडे मागच्या जुलैत त्या एवढ्याशा खड्ड्यातून दोन घमेली निघाली, काळी, चिकट, वासाची, ऊन पडल्यावर वर इंद्रधनुष्यासारखा तवंग. त्यात टायरची झीज, ब्रेकची धूळ, ऑइल, पान खाऊन थुंकलेलं सगळं असतं. पूर्वी हे सगळं ओढ्यात जायचं. ही घमेली कुठं टाकायची याचं उत्तर अजून मिळालेलं नाही, सध्या एका जुन्या ड्रममध्ये साठवतोय आणि तो ड्रम कोणाच्या पार्किंगमध्ये ठेवायचा यावर मीटिंग व्हायचीय.

यामुळेच परवा एक प्रसंग झाला. श्रावण चालू आहे, अळू काय माजलंय म्हणून सांगू, एकेक पान सुपाएवढं. सी विंगच्या काकू सकाळी कात्री आणि टोपली घेऊन आल्या, अळूवड्यांसाठी. मी धावत खाली गेले, म्हटलं काकू हे नका घेऊ, यात पार्किंगचं पाणी येतं, हे खायचं नाही, आणि वाळ्याची मुळंसुद्धा माठात टाकायची नाहीत, मी ग्रुपवर टाकलं होतं. त्यांनी एकदा पानांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मामा खुरपं घेऊन शेजारी उभे होते, ते तिसरीकडेच बघायला लागले.

"खायचं नाही तर मग लावलंच कशाला गं?" काकू म्हणाल्या आणि दोन पानं कापून घेतलीच, म्हणाल्या नैवेद्याचं पान वाढायला घेते.